येर्नेय कुशारच्या मधमाश्या

१

न्याहारीची उकड ताटलीत गार झाली तरी येर्नेय आला नाही, तेव्हा मिंका आधी चिडली आणि मग घाबरली. तिचा थोरला भाऊ सत्तरीला टेकलेला. रविवारची प्रार्थना चुकवील, पण कुट्टूच्या पिठाची उकड चुकवायचा नाही. तिने लाकडाची खोप पाहिली, आलुबुखाराची बाग पाहिली आणि शेवटी ओढ्याच्या काठाला आली. तिथे खाजऱ्या झुडपांत येर्नेय उताणा पडला होता. सदरा छातीवर काळा पडला होता आणि शेजारी फौजेची रायफल पडली होती. मिंकाने फोडलेला हंबरडा खालच्या आळीपर्यंत गेला.

ते साल एक्याण्णवचं. जून संपता संपता स्लोव्हेनियाने आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि जुन्या राजधानीच्या, बेलग्रेडच्या, फौजेचे रणगाडे रस्त्यावर आले. वर्तमानपत्रांच्या वर्षअखेरीच्या अंकांत त्या साली काय काय घडलं आणि कोण कोण गेलं, ते रकाने भरभरून छापून आलं. त्यात मिंकाचा भाचा मात्याझ आहे, महामार्गावरच्या अडथळ्यापाशी गोळी लागून गेलेला. येर्नेयचं नाव मात्र कुठेच नाही. ते का नाही, त्याची ही गोष्ट.

हाकेसरशी धाकटा भाऊ लोय्झे शेजारच्या घरातून आला. मात्याझ त्याचाच मुलगा, एकुलता एक, नुकताच पुरलेला. लोय्झे काठावर उभा राहिला आणि खाली उतरलाच नाही. मागून गावरक्षक दलाचा म्होरक्या ब्रेझार आपली माणसं घेऊन धापा टाकत आला.

"आज तांबडं फुटताना आम्ही एकाला धरलाय, मिंकाताई," तो म्हणाला. "शेतातून ससा पळावा तसा पळत होता. कशापासून पळत होता, ते आत्ता कळलं!"

येर्नेयला घरात आणलं. आरसा झाकला, घड्याळ थांबवलं, खिडकी उघडली. बायका जमल्या, मेणबत्त्या आल्या. मग मिंकाच्या ध्यानात आलं की मधमाश्यांना सांगायचं राहिलं. त्या मुलखात धनी गेला की घरातल्या कोणीतरी जाऊन प्रत्येक पेटीवर बोटाने ठोठवायचं आणि हळूच सांगायचं, तुमचा धनी गेला, आता आमच्यापाशी राहा. नाही सांगितलं तर माश्या धन्यामागोमाग मरतात. शिकलेली माणसं याला हसतात, आणि वेळ आली की तीही जाऊन सांगतात. मिंका डोक्याचा रुमाल सावरून उठली, तसा भिंतीला टेकलेला लोय्झे मान वर न करता म्हणाला,

"बस, ताई. मी सांगितलंय त्यांना."

स्वतःच्या मुलाची माती अजून ओली, तरी याला दादाच्या माश्या आठवल्या, या विचाराने मिंकाला भरून आलं. तेवढ्यात दारात गलका झाला. ब्रेझारची माणसं धरलेल्या कैद्याला ओळख पटवायला घेऊन आली होती. मिंकाने त्याचा चेहरा पाहिलाच नाही. त्याच्या अंगावर येर्नेयचं जाकीट होतं.

२

दुपारी जिल्ह्याच्या गावाहून इन्स्पेक्टर कोगोय आला. काडीसारखा माणूस, सुजलेले डोळे, हातात भलामोठा रुमाल. लिंडेनची झाडं फुलली होती आणि त्या फुलांशी त्याचं हाडवैर होतं.

"लोकांना लढाईत गोळ्या लागतात, मला शिंका लागतात," तो म्हणाला आणि सलग चार शिंकला. शाळेत गावरक्षकांचा तळ पडला होता, म्हणून त्याने मिंकाच्या स्वयंपाकघरातच टेबल मांडलं. मिंका कॉफी करत राहिली. हात चालू ठेवले नसते तर ती कोसळलीच असती.

कैद्याचं नाव किरो. मॅसेडोनियातला, फौजेत सक्तीने भरती झालेला, विशीचा, लांब मानेचा. त्याला समोर बसवलं. ब्रेझार दाराला टेकून उभा राहिला.

"जाकीट कुणाचं?"

"आजोबांचं. त्यांनीच दिलं. वर्दीत दिसलास तर कोंबडीसारखी मान मुरगळतील म्हणाले."

त्याने सांगितलं ते असं. त्याची तुकडी महामार्गावर अडकून पडली. पाणी संपलं. रात्री तो उठला आणि सरळ रानात चालू लागला. येर्नेयला तो बागेत सापडला, कच्चे आलुबुखार खाताना. "पोट फुटून मरशील गाढवा, चल," म्हणून म्हाताऱ्याने त्याला माशीघराच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. माशीघर म्हणजे येर्नेयच्या मधपेट्यांची लाकडी खोली. पुढच्या भिंतीत पेट्या रचलेल्या, आणि फळीच्या मागे एक बाक, झोपण्यापुरता.

"आणि रायफल?"

"पहिल्याच दिवशी आजोबांच्या हातात दिली. नंतर नजरेला पडली नाही."

"वा रे वा!" ब्रेझार म्हणाला. "मग ती आपल्या पायांनी ओढ्यावर पाणी प्यायला गेली!"

कोगोयने नाक पुसलं. "तू नुसता ऐक, ब्रेझार. बोलायला लावीन तेव्हा बोल. हं, किरो. काही केलं नव्हतंस, तर पहाटे पळालास कशाला?"

"झडती आली म्हणून. आधी गोळी वाजली, पण गोळ्या काय रोजच वाजत होत्या. मग बऱ्याच वेळाने माणूस आत आला. एकेक पेटी ठोकत होता, ठक ठक, आणि पुटपुटत होता. वाटलं, कुठल्या पेटीमागे पोकळ आहे ते बघतोय. माझ्या फळीपाशी पोचायच्या आत मी मागच्या खिडकीतून उडी टाकली."

"पाहिलंस त्याला?"

"नाही. पुरुषाचा आवाज होता, घसा बसलेला. काय बोलला ते कळलं नाही. तुमची भाषा, त्यात इतकं हळू."

मिंकाचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. जाकिटाच्या कोपराला तिनेच लावलेलं ठिगळ होतं, त्याच्यावरून तिची नजर हलेना. गेले काही दिवस येर्नेय उकडीचं एक भांडं जास्तीचं घेऊन बाहेर जाई. कुणासाठी विचारलं तर म्हणे, कुत्र्याला. कुत्रं मरून वर्ष झालं होतं. तिने ते इन्स्पेक्टरला सांगून टाकलं, आणि सांगितल्यावर वाटलं, आपण कुणाच्या बाजूने बोललो?

"सापाला दूध पाजलं त्याने," ब्रेझार म्हणाला.

कोगोय त्याच्याकडे वळला. "पहाटे माशीघराची झडती तुझ्या माणसांनी घेतली?"

"छे! भल्या पहाटे पेट्या ठोकून तोंड सुजवून घ्यायला आम्हाला काय वेड लागलंय?"

"मग ठोकत कोण होतं?"

ब्रेझारने खांदे उडवले. पण त्याचा चेहरा जरा उतरला, आणि तो कोगोयच्या सुजलेल्या डोळ्यांतून सुटला नाही.

३

ब्रेझारचा चेहरा का उतरला, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रस्ता अडवायला ब्रेझारने येर्नेयचा ट्रॅक्टर मागितला. येर्नेयने नाही म्हटलं. ब्रेझारने तो न विचारता नेला, आणि रणगाड्याने त्याचा चेंदामेंदा केला. मग चर्चच्या दारात येर्नेयने सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं.

"म्हणाला," ब्रेझारने कबूल केलं. "आणि मीही त्याला बुढ्ढा कंजूस म्हणालो. पण साहेब, त्या पहाटे मी पुलावर होतो. आठ जण होते बरोबर, विचारा हवं तर. आणि त्याच्यावर राग असता, तर त्याच्या शवपेटीवर देशाचा झेंडा घालायला मी कशाला धडपडलो असतो?"

ते खरंच होतं. येर्नेयला फौजेच्या शिपायाने मारलं, तेव्हा तो लढाईतच गेला, त्याचं नाव मात्याझच्या शेजारी दगडावर कोरायचं, असं ब्रेझारने ठरवूनच टाकलं होतं. मिंकालाही ते बरं वाटलं. तेवढाच दादाचा मान. पण लोय्झे आडवा आला.

"झेंडा नको," तो म्हणाला. "मात्याझला दिलात तेवढा पुरे."

मुलाच्या दुःखाने माणूस तिरसट होतो, म्हणून कोणी वाद घातला नाही. येर्नेय बिनझेंड्याचा गेला. दफनाच्या वेळी लोय्झेने मूठभर माती हातात घेतली आणि ती टाकायची विसरून तसाच घरी आला.

पुढे फौजेशी बोलणी झाली. कैदी सोडायचे ठरले. ठिकठिकाणच्या आया मुलांना शोधत निघाल्या होत्या, त्यातली एक बस आणि पायपीट करत मिंकाच्या अंगणात येऊन बसली. किरोची आई, दोना. डोक्याला काळा रुमाल, मांडीवर भाजलेल्या मिरच्यांचा डबा. मिंकाने दार लावून घेतलं. मग थोड्या वेळाने दार उघडून तिला पाणी दिलं. दोनाने पाणी घेतलं आणि म्हणाली,

"बाई, तुमच्या घरात मयत झालंय, मला ठाऊक आहे. तुम्ही मला हाकललंत तरी मी चूक म्हणणार नाही. पण माझ्या किरोला सुरी धरून कोंबडं कापता येत नाही हो. माझी सासू त्याला हसायची."

मिंका आत गेली. आत ब्रेझार कोगोयला सांगत होता,

"बाकीचे सुटतील, हा सुटणार नाही. खुनाचा आरोप आहे. आणि साहेब, खरं सांगतो, आजची रात्र याला शाळेत ठेवलात तर माझी पोरं मला आवरणार नाहीत. मात्याझ त्यांचा जिवाचा दोस्त होता. सकाळी तुम्हाला फक्त मढं मिळेल."

"म्हणजे आजच न्यायचा," कोगोय म्हणाला. "शहरात नेला की आरोप कागदावर चढेल, आणि एकदा चढला की उतरायचा नाही. युद्ध सुरू असताना खून, फौजेची रायफल, पळताना पकडलेला. वीस वर्षं कुठे गेली नाहीत." तो मिंकाकडे वळला. "जायच्या आधी मला एकदा तुमचं माशीघर दाखवा."

४

माशीघराच्या दारावर दुखवट्याची काळी फीत बांधलेली होती. कोगोय तिच्यापुढे कितीतरी वेळ उभा राहिला आणि नवल म्हणजे एकदाही शिंकला नाही. माश्या पेट्यांतून येत जात होत्या.

"माझ्या आजोळी पेट्या होत्या," तो म्हणाला. "आजोबा गेले तेव्हा आईने माझ्याकडून ठोकून घेतलं होतं. डंखही खाल्ले. इतकी वर्षं झाली, साफ विसरलो होतो. मिंकाबाई, तो पोरगा ठक ठक म्हणाला आणि मला झडतीच दिसत राहिली, कारण त्याला झडती दिसली होती. आज अंगणात शिरताना ही फीत दिसली, आणि डोक्यात लख्ख झालं."

 मिंका दाराच्या उंबऱ्यावरच बसली.

"त्याच्या आईला मघाशी विचारलं मी," कोगोय पुढे म्हणाला. "धनी गेल्यावर माश्यांना सांगतात का तुमच्याकडे? ती बाई माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत राहिली. म्हणजे ही गोष्ट त्याने रचलेली नाही. आपण काय ऐकलं ते त्या पोराला अजूनही कळलेलं नाही. बरं, तो धरला गेला पहाटे. दादा तुम्हाला सापडला न्याहारीची वेळ टळल्यावर. मग माणूस मेल्याचं गावात कोणालाच ठाऊक नसताना, माश्यांना कुणी सांगितलं?"

"ब्रेझार..."

"ब्रेझारने मारलं असतं तर तो माश्यांकडे फिरकला असता का? परक्याने सांगून त्या ऐकत नाहीत, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. ज्याला मारलं त्याच्याच माश्या जगाव्यात म्हणून थांबणारा माणूस घरातला असतो."

"मी सांगितलं," मिंका एकदम म्हणाली. "मीच. मला न्या."

"आवाज पुरुषाचा होता, मिंकाबाई."

 तिला आता उकळत्या तेलात हात घातल्यासारखं सगळं एकदम कळलं होतं. भिंतीला टेकलेला लोय्झे, त्याची खाली घातलेली मान, नको म्हटलेला झेंडा, हातातली माती.

"तुम्ही त्या दिवशी माश्यांकडे गेला नाहीत, तेही शेजारणींकडून कळलं मला," कोगोय हळू म्हणाला. "तुमच्यासारखी बाई विसरणार नाही. म्हणजे कोणीतरी तुम्हाला म्हणालं असणार, की सांगून झालंय. कोण, ते मी ओळखू शकतो. पण माझ्या ओळखण्याला कोर्ट विचारत नाही. रायफलीला दहा जणांचे हात लागलेत. तुमचा शब्द मिळाला तर पोरगा वाचतो. नाही मिळाला तर मी शिंकत शिंकत त्याला घेऊन जातो. संध्याकाळची घंटा झाली की गाडी काढेन. त्याहून जास्त थांबणं माझ्या हातात नाही."

५

लोय्झे मात्याझच्या खोलीत, त्याच्या पलंगावर बसला होता. मिंका दारात उभी राहिली.

"लोय्झे, माश्यांना कधी सांगितलंस?"

त्याने वर पाहिलं, आणि विचारायची गरज उरली नाही.

"दादाच घेऊन गेला मला ओढ्यावर," तो म्हणाला. "रायफल डोहात टाकायची होती त्याला. माझ्या हातात दिली आणि म्हणाला, एक पोरगं लपवलंय, रेल्वेपर्यंत पोचवायला मदत कर. मला म्हणाला, ताई! मला! मी म्हटलं, कुठंय ते दाखव. तर म्हणतो, तू आधी शांत हो. आडवा उभा राहिला माझ्यापुढे, मी म्हणजे काय कसाई असल्यासारखा. मी दादाला मारायला नव्हतो गेलो. कशी सुटली गोळी, मला कळलंच नाही."

"आणि मग माश्यांकडे गेलास."

"मग काय त्यांनाही मरू द्यायचं होतं?"

मिंकाला रडू फुटलं. "अरे, तो पोरगा तिथेच होता. फळीच्या पलीकडे. तुझा आवाज ऐकत होता."

लोय्झे बघतच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं ज्याच्यासाठी भाऊ मारला तो एका फळीच्या अंतरावर होता, आणि हा पेट्यांशी बोलत होता. त्याच्या घशातून हसल्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

"तू स्वतः जा," मिंका त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "स्वतःहून सांग. मी दर रविवारी तुला तुरुंगात भाकर घेऊन येईन. मी मरेपर्यंत येईन. पण मला बोलायला लावू नकोस, लोय्झे."

"त्या फौजेने माझा मुलगा खाल्ला. त्यांचा एक गेला तर काय बिघडलं?"

"त्याने नाही मारलं मात्याझला. तो तर कच्चे आलुबुखार खात होता. त्याची आई माझ्या अंगणात बसलीय."

"बसू दे. मीही बसलोय." मग त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "ताई, दादा गेला. मात्याझ गेला. मलाही घालवलंस तर शेवटच्या वेळी तुझ्या तोंडात पाणी कोण घालणार? तू फक्त गप्प राहा. मागत काय आहे मी? फक्त गप्प राहा."

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. आई वारली तेव्हा तो पाळण्यात होता, आणि मिंकानेच त्याला वाढवलं होतं. लग्न केलं नाही ते याच दोघा भावांसाठी.

"घंटेपर्यंत वाट बघते," ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.

६

घंटा झाली. लोय्झेच्या घराचं दार उघडलं नाही. मिंका आपल्या पायरीवर उभी राहून त्या दाराकडे बघत होती. घंटेचा आवाज विरला, तरी ती बघत होती.

किरोला आणून गाडीत बसवलं. त्याच्या अंगावर अजून तेच जाकीट होतं. दोना धावली. ब्रेझारच्या माणसांनी तिला अडवलं, तेव्हा तिने मिरच्यांचा डबा उंच धरला आणि ओरडली, "एवढा तरी द्या हो त्याला! एवढा तरी!" कुणीतरी हसलं. कुणीतरी "खुनी!" म्हणून मातीचं ढेकूळ गाडीवर फेकलं. कोगोयने मिंकाकडे एकदाच पाहिलं, मान खाली घातली आणि गाडी सुरू केली.

मिंका पायरी उतरली. तिचे पाय चालत होते आणि ती त्यांना मनातल्या मनात थांबा म्हणत होती. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे गरम पत्र्यावर टेकले. गाडी बंद झाली. कोगोय उतरला.

"मिंकाताई, बाजूला व्हा," ब्रेझार म्हणाला. "याला जाऊ दे. येर्नेयचा न्याय होऊ दे."

"तोच करतेय." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की ऐकायला सगळे पुढे सरकले. "साहेब, लिहून घ्या. दादाला घरात आणलं तेव्हा मी माश्यांना सांगायला उठले होते. तर मला म्हणाला, बस, ताई, मी सांगितलंय त्यांना. पहाटे सांगितलं त्याने. मला सापडायच्या आधी. मघाशी त्याने माझ्यापाशी कबूलही केलं."

ब्रेझारला अर्थ कळायला जरा वेळ लागला. मग त्याने लोय्झेच्या घराकडे पाहिलं, आणि त्याच्याबरोबर सगळ्या गावाने पाहिलं. खिडकीत लोय्झे उभा होता. तो हलला नाही. गाडीत किरो एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं, पण त्याची आई मटकन खाली बसून रडू लागली होती.

कोगोयने खिशातून कागद काढला. "मिंकाबाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "कोण म्हणालं, ते तुमच्या तोंडून यावं लागतं. नाव सांगा."

"ज्या नावाने मी त्याला या अंगणात हाक मारून मोठा केलाय, ते या कागदावर माझ्याच्याने नाही यायचं," मिंका म्हणाली. "नुसतं भाऊ लिहा, साहेब. एकच उरलाय मला."